खोडावरच्या गांठी आणि त्यांतील नवा जंतु

द्विदल पिकानें जमिनीचा कस वाढतो, ही गोष्ट आमच्या शेतकरी बंधूंस नव्यानें सांगावयास नको. भाताची कापणी होतांच, ओल आहे तोंवर, खाचरांत वाल टाकण्याची चाल उत्तर कोंकणांत पूर्वापार आहे, व साष्टी बेटांतहि ती होती. अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर येथील बहुतेक खाचरें आतां इमारतींखालीं गेलीं. परंतु ज्यांची शेती गोराई-मनोरीकडे किंवा ठाणें व पालघर जिल्ह्यांत अद्याप चालू आहे, त्यांनीं वालाचें एखादें रोप महिना-सव्वा महिन्याचें झाल्यावर अवश्य काढून पाहावें. हिसडा देऊन उपटूं नये; तसें केल्यास पाहावयाची वस्तु मातींतच तुटून राहते. खुरप्यानें भोंवतालच्या ढेकळासह रोप उचलावें, घटकाभर पाण्यांत ठेवावें व माती हलकेंच धुवून काढावी. मुळांवर मोहरीच्या दाण्याएवढ्या, कांहीं त्याहून मोठ्या, अशा गांठी दिसतील. त्यांतील एखादी नखानें फोडली असतां आंत मांसासारखा तांबूस रंग दिसला, तर ती गांठ कामावर आहे असें समजावें. आपल्या रक्तास ज्या द्रव्यानें तांबडेपणा येतो, त्याच कुळींतलें द्रव्य तेथें असतें. आंतून पांढरी फटफटीत असलेली गांठ एक तर कोंवळी असते किंवा निकामी. हिरवट झालेली गांठ आपलें काम संपवून बसलेली असते.

येथें एक खुलासा केला पाहिजे. वांगीं, टोमॅटो, भेंडी यांच्या मुळांवर सूत्रकृमींमुळेंहि गांठी येतात, व त्या रोगाच्या असतात. परंतु तेथें मूळच सुजलेलें असतें, व ती सूज मुळापासून वेगळी करितां येत नाहीं. द्विदलाची गांठ मुळाच्या बाजूस चिकटलेली असते व बोटानें सहज सुटते. हा भेद न कळल्यामुळें चांगल्या गांठी रोग समजून रोपें उपटून टाकणारे लोक आम्हीं पाहिले आहेत.

ह्या गांठींत राहतो कोण, याचा उलगडा होऊन सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला. हेलरीगेल व विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८८६ ते १८८८ या काळांत असें दाखवून दिलें कीं, वाटाण्यासारखीं रोपें हवेंतील नत्र वापरूं शकतात तीं स्वतःच्या बळावर नव्हे, तर गांठींतील सूक्ष्म जंतूंच्या साह्यानें. १८८८ मध्यें हॉलंडांत बायरिंक यांनीं तो जंतु गांठींतून वेगळा काढून वाढविला. पुढल्याच वर्षीं फ्रांक यांनीं त्यास ऱ्हायझोबियम, म्हणजे मुळांत राहणारा, असें नांव दिलें. आपल्याकडे १९२० सालीं एन्. व्ही. जोशी यांनीं या जंतूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळीं जंतु ओळखण्याची कसोटी एकच होती: तो कोणत्या पिकाच्या मुळावर गांठी आणतो? वाटाणा-मसुराचा एक, हरभऱ्याचा दुसरा, सोयाबीनचा तिसरा, आणि चवळी, मूग, उडीद, तूर, वाल, भुईमूग या सर्वांस चालणारा चौथा, अशी ती वाटणी होती. बाजारांतील पुड्यांवर पिकाचें नांव छापलेलें असतें तें ह्याच वाटणीस अनुसरून. व व्यवहारापुरती ती अद्याप टाकाऊ झालेली नाहीं.

परंतु ह्या कसोटीनें जंतूची जात ठरत नाहीं, असें पुढें आढळून आलें. तें कसें, व नवा जंतु सांपडला असें म्हणण्यापूर्वीं शास्त्रज्ञांस काय काय सिद्ध करावें लागतें, हें सांगण्यास आम्ही असें एक उदाहरण घेतों कीं ज्याचा मुंबई उपनगराशीं निकट संबंध आहे.

उपनगर जिल्ह्याच्या पूर्व किनाऱ्यावर ट्रॉम्बे येथें भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. त्याचें नांव काढतांच अणुभट्टी डोळ्यांपुढें येते. परंतु भुईमूग, तूर, मूग, उडीद यांच्या बियांवर किरणोत्सर्गाचा प्रयोग करून नवे वाण काढण्याचें कार्यहि तेथें गेलीं कित्येक दशकें चाललें आहे. टी. ए. जी.-२४ हा भुईमूग पुष्कळांनीं पेरला असेल. त्याच केंद्रानें १९९० नंतरच्या वर्षांत टी. एस. आर.-१ नांवाचा एक हिरवळीच्या खताचा वाण शेतकऱ्यांपुढें ठेवला. हा वाण आपल्या धैंच्याचा व शेवरीचा चुलत भाऊ. शास्त्रीय नांव सेस्बानिया रोस्ट्राटा. ह्याचें माहेर पश्चिम आफ्रिकेंतील सेनेगालच्या पाणथळ जमिनींत आहे. धैंच्यास गांठी येतात त्या मुळांवर. ह्या झाडास मुळांवर येतातच, पण शिवाय खोडावर, जमिनीपासून शेंड्यापर्यंत, ओळीनें गांठी येतात. खाचरांत पाणी तुंबलें म्हणजे मुळांवरील गांठींचा प्राणवायु तुटतो व त्यांचें काम मंदावतें. खोडावरील गांठी मात्र पाण्याच्या वर, उघड्या हवेंत असल्यामुळें त्यांस अडचण पडत नाहीं. भाताच्या शेतास असें झाड किती मोलाचें, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

सेनेगालमध्यें काम करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ ड्रेफ्यू व डोमर्ग यांनीं १९८१ सालीं ह्या खोडावरील गांठींचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें दोनच वर्षांनीं तेथील लहान वाफ्यांवरील प्रयोगांचे आंकडे आले: सुमारें पन्नास दिवसांत हेक्टरी २५० किलोहून अधिक नत्र. युरियाच्या हिशोबानें हें ४५ किलोच्या बारा गोण्यांइतकें होतें. वाफ्यावरचा आंकडा शेतावर जसाच्या तसा उतरत नसतो, हें जुन्या शेतकऱ्यांस सांगणें नको. निम्मा उतरला तरी तो थोडा नव्हे.

आतां गांठींत जंतु आहे हें उघड होतें, पण कोणता? येथून पुढची पायरी सर्व गांठींस सारखीच लागू असल्यामुळें ती थोडी विस्तारानें सांगतों.

ताजी, अखंड गांठ घेऊन ती प्रथम मद्यार्कांत व नंतर जंतुनाशक द्रवांत कांहीं मिनिटें बुडवितात, म्हणजे सालीवर बसलेले मातींतील असंख्य जंतु मरतात. आंतले मात्र सुरक्षित राहतात. मग गांठ निर्जंतुक पाण्यानें पुनःपुन्हां धुवून ठेंचतात, आणि निघालेला दुधाळ रस तारेच्या टोंकानें कांचेच्या बशींतील खळीसारख्या थरावर रेघारेघांनीं ओढतात. त्या थरांत मॅनिटॉल नांवाची साखर, यीस्टचा अर्क व काँगो रेड हा तांबडा रंग घातलेला असतो. गांठींतला जंतु हा रंग फारसा शोषीत नाहीं, म्हणून त्याचे ठिपके पांढरट, चिकट व फुगीर उठतात; इतर पुष्कळ जंतु गडद तांबडे होतात. जलद वाढणारा जंतु तीन ते पांच दिवसांत दिसूं लागतो, मंद वाढणारा आठवडा व त्याहून अधिक घेतो. रेघेच्या शेवटीं एकटा पडलेला ठिपका निवडून पुन्हां नव्या बशीवर ओढावयाचा, असें शुद्ध बीज हातीं येईपर्यंत करावें लागतें. ज्वारीचें निवडक कणीस वेगळें पेरून बियाणें शुद्ध करणाऱ्यास ही रीत अनोळखी वाटणार नाहीं.

एवढ्यानें काम संपतें अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः खरी परीक्षा येथेंच सुरू होते. गांठींत सांपडला म्हणून तो जंतु गांठीचा कर्ता ठरत नाहीं. घरांत सांपडलेला प्रत्येक मनुष्य घरमालक नसतो. पाहुणा असतो, भाडेकरू असतो, चोरहि असतो. निरोगी गांठींत मुख्य जंतूबरोबर दुसरे अनेक जंतु वस्तीस असतात, असें आतां सर्वत्र मान्य झालें आहे. म्हणून शुद्ध केलेला जंतु त्याच झाडाच्या, निर्जंतुक वाळूंत वाढविलेल्या रोपास द्यावा लागतो. शेजारीं तशींच कांहीं रोपें जंतु न देतां ठेवतात. दिलेल्यांस गांठी आल्या, न दिलेल्यांस आल्या नाहींत, आणि त्या नव्या गांठींतून तोच जंतु पुन्हां निघाला, म्हणजे साक्ष पुरी झाली. त्याशिवाय गांठ कामाची आहे कीं नाहीं, म्हणजे नत्राचें खत न देतां रोप हिरवेंगार राहतें कीं पिवळें पडतें, हेंहि पाहावें लागतें.

सेनेगालच्या जंतूंपैकीं एकास ओ. आर्. एस्. ५७१ असा क्रमांक दिलेला होता. तो ह्या परीक्षेंत उतरला, पण त्याचें वर्तन ऱ्हायझोबियमच्या ठराविक चालीचें नव्हतें. सामान्य ऱ्हायझोबियम गांठीबाहेर हवेंतील नत्रावर आपला निर्वाह करूं शकत नाहीं. हा जंतु प्राणवायु कमी ठेवल्यास कांचेच्या नळींतहि हवेंतला नत्र पकडून त्यावर वाढतो. वाटाण्याचा जंतु मुळाच्या केसांतून आंत शिरतो. हा मात्र खोडावरील ज्या ठिपक्यांतून आगंतुक मुळें फुटावयाचीं असतात, तेथील भेगेंतून प्रवेश करितो. (भुईमुगांतहि जंतूचा शिरकाव उपमुळाच्या फुटीपाशींच्या भेगेंतूनच होतो, हें येथें जातां जातां सांगतों.)

मग प्रश्न आला नात्याचा. डोळ्यांनीं पाहून जंतूचें कूळ ठरवितां येत नाहीं. सूक्ष्मदर्शकांतून शेंकडों जाती सारख्याच, मिलिमीटराच्या दोन-तीन हजारांश लांबीच्या काड्यांसारख्या दिसतात. म्हणून प्रत्येक पेशींत आनुवंशिक द्रव्याचा जो लांबलचक मजकूर असतो, तो ताडून पाहतात. जंतूच्या पेशींत प्रथिनें बनविणारें जें यंत्र असतें, त्याच्या एका भागाचा मजकूर पिढ्यान् पिढ्या फार सावकाश बदलतो. त्यावरून दूरचें नातें कळतें. जवळचें नातें ठरविण्यास संपूर्ण मजकूर लागतो. दोन जंतूंचें सर्व आनुवंशिक द्रव्य एकमेकांशीं जुळवून पाहिलें असतां शेंकडा ७० हून कमी जुळलें तर ते निराळ्या जातींचे, असा दंडक १९८७ सालीं ठरला. अलीकडे संपूर्ण मजकूर अक्षरशः वाचून घेणें स्वस्त झाल्यामुळें हाच निवाडा वाचनावरून करितात; त्या मोजणींत ९५ ते ९६ टक्क्यांच्या खालीं साम्य असल्यास जात वेगळी मानतात.

ड्रेफ्यू, गार्सिया व बेल्जममधील शास्त्रज्ञा जिलिस यांनीं खोडावरच्या जंतूंची अशी तुलना केली, तेव्हां ते ऱ्हायझोबियमपेक्षां झँथोबॅक्टर नांवाच्या, गांठी न आणणाऱ्या जंतूंस अधिक जवळचे निघाले. तेव्हां नुसती नवी जात पुरेशी होईना. नवें घराणेंच मांडावें लागलें. १९८८ सालीं त्यास अझोऱ्हायझोबियम कॉलिनोडान्स असें नांव मिळालें. पहिल्या शब्दांत नत्र व मूळ हे दोन्ही अर्थ आहेत, दुसऱ्याचा अर्थ खोडास गांठ आणणारा. पुढें २००६ सालीं ब्राझिलांतील शेवरीच्याच एका जातीच्या मुळांवरून ह्या घराण्यांतील दुसरी जात वर्णिली गेली. तिला योहाना ड्योबेराइनर या मृत्तिकाशास्त्रज्ञेचें नांव देण्यांत आलें आहे.

नांव देणें म्हणजे बारशाची हौस नव्हे. ज्या जंतूवरून जातीचें वर्णन केलें, तो मूळ नमुना जिवंत स्थितींत जपून ठेवावा लागतो, आणि आतांच्या नियमानें तो दोन निरनिराळ्या देशांतील संग्रहालयांत ठेवल्यावांचून नवें नांव ग्राह्य धरीत नाहींत. आपल्याकडे असा जंतुसंग्रह पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत आहे, व त्याच शहरांत राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रहि आहे. उद्यां कोणास शंका आली तर तो मूळ नमुना मागवून सर्व परीक्षा पुन्हां करूं शकतो. जमिनीच्या मोजणींत हद्दीचा दगड जसा, तसा हा नमुना.

इतक्या खटाटोपाचा शेतकऱ्यास उपयोग काय, असें कोणी विचारील. आमच्या मतें उपयोग आहे, पण पुष्कळांस वाटतो तो नव्हे. नांव जंतूचें कूळ सांगतें. त्याचा धंदा सांगत नाहीं. आडनांव कुळकर्णी असलें म्हणजे गांवचें दप्तर हातीं असतेंच असें नाहीं. २०११ सालीं दिल्लीच्या पुसा येथील हरभऱ्याच्या मुळांलगतच्या मातींतून एक नवी जात वर्णिली गेली व तिला ऱ्हायझोबियम पुसेन्स असें नांव मिळालें. नांव ऐकून ही हरभऱ्यास गांठी आणणारी असावी असें वाटेल. परंतु ती गांठींतून काढलेली नव्हेच, आणि पुढें तिची गणना ॲग्रोबॅक्टेरियम या घराण्यांत करण्यांत आली. झाडांच्या बुंध्यास घातक गांठी आणणारा जंतु ज्या घराण्यांत मोडतो, तेंच हें घराणें! उलट पक्षीं, लाजाळूच्या मुळांवर चांगल्या गांठी आणणारे जंतु ऱ्हायझोबियमचे जवळचे नातलगहि नाहींत, असें २००१ सालीं तैवानांत आढळलें. आपल्याच देशांतील पाण्यांत वाढणाऱ्या लाजाळूसारख्या एका वनस्पतीच्या गांठींतला जंतु २००२ सालीं तिसऱ्याच घराण्यांतला, डेव्होसिया, ठरला. ह्या कामांत एन्. एस्. सुब्बाराव हे भारतीय शास्त्रज्ञ सहभागी होते.

असा घोटाळा कां होतो, याचें कारण न्यूझीलंडांत १९९५ सालीं स्पष्ट झालें. तेथें चाऱ्याच्या एका द्विदल पिकास जंतु लावून पेरणी केली होती. कांहीं वर्षांनीं त्याच शेतांतील गांठींत निराळेच, मूळचे मातींतले जंतु सांपडले. पेरलेल्या जंतूनें गांठी आणण्याची विद्या, म्हणजे त्या कामाच्या आनुवंशिक मजकुराचा सबंध तुकडा, त्यांस देऊन टाकिली होती. विद्या एका कुळांतून दुसऱ्या कुळांत अशी उसनी जाते, तेव्हां कुळाच्या नांवावरून धंदा कसा ओळखावा? आणि उसनी घेतलेली विद्या पुरतीच येते असेंहि नाहीं. गांठी आणणारे परंतु नत्र न देणारे आळशी जंतु शेतांत असतातच, व ते चांगल्या जंतूची जागा अडवितात.

यावरून पुडी घेणाऱ्यानें काय पाहावें तें सहज निघतें. २००६ सालीं खत नियंत्रण आदेशांत जिवाणू खतांचा समावेश झाला. त्यान्वयें ऱ्हायझोबियमच्या भुकटींत दर ग्रॅमास निदान पांच कोटि जिवंत जंतु असले पाहिजेत. पुडीवर पिकाचें नांव व मुदतीची तारीख असते. ती पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. एकदां आम्हीं घाईंत सोयाबीनची पुडी तुरीस लाविली; फरक कांहींच पडला नाहीं, व दोष आमचाच होता. दुसऱ्या एका वर्षीं योग्य पुडी आणूनहि गांठी आल्या नाहींत. चौकशी करितां दुकानदारानें ती उन्हाळाभर पत्र्याखालीं ठेविली होती असें कळलें. उन्हानें जंतु मरतो, आणि मेलेल्या जंतूचें शास्त्रीय नांव कितीहि बरोबर असलें तरी पीक पिवळेंच राहतें. एक पाव किलोची पुडी दहा ते पंधरा किलो बियाण्यास पुरते; गुळाच्या थंड पाण्यांत कालवून बियाण्यास चोळावी, सावलींत सुकवावी व त्याच दिवशीं पेरावें. बुरशीनाशक लावावयाचें असल्यास तें आधीं लावावें, जंतु शेवटीं.

टी. एस. आर.-१ विषयीं आमचें मत थोडें राखूनच देतों. झाड उत्तम आहे यांत शंका नाहीं. परंतु हिरवळीच्या खतास चाळीस-पन्नास दिवसांची वाढ पाहिजे, आणि कोंकणांत पाऊस जूनच्या मध्यास येऊन लावणी जुलैंत होते. पावसावर अवलंबून असणाऱ्या खाचरास एवढी सवड कोठून मिळावी? ज्यांच्या विहिरीस एप्रिल-मे महिन्यांत पाणी आहे, त्यांनींच तें लावणीपूर्वीं पेरावें. इतरांनीं बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला घालणें अधिक सोयीचें. बाहेरून आलेल्या ह्या झाडाचा जंतु प्रत्येक शेतांत असेलच असें नाहीं. म्हणून रोपें गुडघ्यापर्यंत आलीं म्हणजे खोडावर जंतूचें पाणी फवारतात. नाहीं तर खोडावरचे ठिपके नुसते ठिपकेच राहतात. ह्या जातीचें बियाणें कठीण कवचाचें असतें, तेव्हां भिजविण्यापूर्वीं तें वाळूंत घांसून घ्यावें.

ज्यांच्या शेतांत एखाद्या द्विदल पिकास असामान्य गांठी येतात, किंवा मुळींच येत नाहींत, त्यांनीं स्वतःच पारख करावी. एकाच खाचरांत दोन सारखे पट्टे आंखून, एकास जंतु लावून व दुसऱ्यास न लावतां पेरावें. न लावलेला पट्टा आधीं पेरावा, म्हणजे हाताबरोबर जंतु तिकडे जाणार नाहीं. महिना-सव्वा महिन्यानें दोहोंतील दहा-दहा रोपें वर सांगितल्या रीतीनें काढून तांबूस गांठी मोजाव्यात. फरक दिसला तर त्या पट्ट्यांतील चांगल्या दहा-पंधरा गांठी, प्रत्येकीस मुळाचा थोडा तुकडा राहील अशा बेतानें कापून, टिपून कोरड्या कराव्यात. लहान बाटलींत तळाशीं सिलिका जेलचे खडे व त्यावर कापूस घालून त्या ठेवाव्यात, बूच घट्ट लावावें, आणि पीक, गांव, मातीचा प्रकार व तारीख चिठ्ठीवर लिहून जिवाणू खतांचें काम करणाऱ्या पुण्याच्या कृषि महाविद्यालयाकडे विचारपूस करावी. कोरड्या बाटलींत अशा गांठी कित्येक आठवडे टिकतात. पाण्यांत किंवा ओल्या मातींत ठेविल्यास त्या चारच दिवसांत कुजतात.